त्रीगने वाटलेली आडनावं

३ ऑक्टोबर १९६७, मंगळवार. रास अल खैमा, दगडाच्या खाणीवर.

नवा सुपरिंटेंडंट आला. स्वीडनचा, नाव त्रीग. उंच, भुवया पांढऱ्या, उन्हाने नाकाची साल निघालेली. सलाम नाही, गुड मॉर्निंग नाही. माझ्या टाइम ऑफिसात शिरला, मस्टर उघडलं, बोट ठेवलं. "व्हाय फोर मोहम्मद इब्राहिम?" म्हटलं, चार आहेत म्हणून. तो हसला नाही, मीही नाही.

यापुढे नुसतं त्री. लिहीन. सबंध नावासाठी शाई घालवण्याची त्याची लायकी नाही.

७ ऑक्टो., शनि.

चारचौघांत अपमान झाला. सुरुंगाआधी मी रोजच्यासारखा मस्टर पुकारत होतो. प्रत्येकाने "हाजिर" म्हणायचं, मग भोंगा, मग बार. मोहम्मद इब्राहिम चारदा पुकारलं, चारदा हाजिर आलं. भोंग्याच्या दोरीला हात घातला तेवढ्यात चौथा मोहम्मद इब्राहिम कड्याखालून घमेलं डोक्यावर घेऊन निवांत चालत आला. तिघांतल्या कोणी तरी दोनदा ओ दिली होती.

त्री. माझ्या अंगावर धावून आला. "यू काउंट व्हॉइसेस! काउंट मेन!" एकतीस माणसांसमोर. त्यांत माझा मेहुणा युसूफ. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, चपलेतला खडा काढत बसला. सात वर्षं टाइमकीपर आहे इथे, आजवर कोणी आवाज चढवला नव्हता. माणूस वाचला हे चांगलंच झालं. पण हळू बोलला असता तरी वाचलेलाच राहिला असता ना.

११ ऑक्टो., बुध.

कड्याच्या वाटेवर लाकडी फळी ठोकली. तिच्यावर खिळे. प्रत्येकाला एक पितळी बिल्ला. आत जाताना बिल्ला खिळ्याला, बाहेर येताना गळ्यात. फळी रिकामी झाल्याशिवाय सुरुंग नाही. इथवर ठीक, माझ्याही डोक्यात असलंच काहीसं होतं.

पण बिल्ल्यावर नंबर नाहीत, नावं आहेत! त्याच्या मुलुखातली. म्हणे नंबर माणूस विसरतो, नाव विसरत नाही. विचारलं, आमची नावं काय वाईट आहेत? "टू लाँग. टू मेनी सेम." मग एकेकाला जवळ बोलावून बिल्ला गळ्यात घातला, अर्थ इंग्रजीत सांगितला, मी तो हिंदीत सांगायचा. स्टार्क म्हणजे ताकदवान. रास्क म्हणजे चपळ. मूडिग म्हणजे शूर. शूर कोण, तर आमचा युसूफ, जो पालीला भिऊन खाटेवर पाय घेऊन बसतो.

मला लुस्तिग. अर्थ विचारला तर म्हणतो, आनंदी. "बिकॉज यू नेव्हर स्माइल." सगळे हसले. पाळलेल्या कुत्र्याला नाव ठेवतात तसं ठेवून मोकळा झाला.

माझं नाव हसन इब्राहिम तांडेल. माझं, बापाचं, घराण्याचं. बिल्ला ड्रॉवरच्या तळाला टाकला. मी कड्यावर जात नाही, मला त्याची गरजही नाही.

१३ ऑक्टो., शुक्र.

सुट्टी. पत्रांचा दिवस. शाळा शिकलेला तेवढा मीच, त्यामुळे गावाकडच्या आमच्या खाडीकाठच्या सगळ्यांची पत्रं माझ्या हातची. युसूफचंही. म्हणजे सख्ख्या बहिणीला, जैनबला, तिच्या नवऱ्याच्या वतीने मीच लिहितो. युसूफ समोर बसून कान लाल करतो आणि शेवटी म्हणतो, "बाकीचा तू तुझ्या अकलेनं लिव." काय लिहिणार कपाळ! तब्येत सांभाळ, विहिरीचा रहाट दुरुस्त करून घे.

दुबई ऑफिसातून पिवळी कार्डं आलीत. प्रत्येक माणसाचं एक: नाव, बापाचं नाव, सरनेम, गाव, घरी कोणाला कळवायचं. आणि त्री. चा हुकूम: सरनेमच्या रकान्यात बिल्ल्याचं नाव टाकायचं, दुबईला फाइल त्याच नावाने लागेल. बिल्ला दुसऱ्याकडे गेला की नवं कार्ड पाठवायचं. पहिली एकतीस त्याने स्वतः टाइप केली, माझ्याशी वाद घालायला नको म्हणून. पुढची मी भरायची.

मी भरणार नाही. सरनेम म्हणजे काय ते मला कळतं. ज्याला गरज असेल त्याने टाइप करावं.

२७ ऑक्टो., शुक्र.

त्री. ने चहाला तंबूत बोलावलं. मी चहा घेतला नाही. त्याने तरी सांगितलंच. आवाज न चढवता बोलतो तेव्हा इंग्रजी बरं समजतं.

त्याच्या मुलुखात पूर्वी आडनावच नव्हतं. अँडर्सचा मुलगा अँडर्सन, योहानचा योहान्सन. अजूनही तिकडे टेलिफोनचं पुस्तक उघडलं तर पानंच्या पानं तीच. फौजेत एका तुकडीत दहा-दहा अँडर्सन, कप्तानाने हाक मारली की दहा जण पुढे. म्हणून कप्तान भरतीच्या वेळी प्रत्येक शिपायाला एक छोटं नाव द्यायचा. शूर, चपळ, ढाल, खंजीर, असलं. त्रीग म्हणजे निर्धास्त, भरवशाचा. त्याच्या पणजोबाला मिळालं ते. त्याचं आधीचं नाव योहान्सन होतं.

म्हटलं, पणजोबाने निवडलं? नाही म्हणाला. गावाने शिपायाला राहायला एक झोपडं आणि जमिनीचा तुकडा द्यायचा. नाव त्या झोपड्याचं. आधीचा त्रीग बुडून मेला, झोपडं रिकामं झालं, पणजोबा भरती झाला. झोपडं, गाय, नाव आणि आधीच्या त्रीगची विधवा, सगळं एकदम मिळालं. तिच्याशी लग्न लावलं. "शी डिड नॉट हॅव टु चेंज नेम," म्हणाला आणि स्वतःच हसला.

मला किळस आली. तसं सांगितलंही.

मग विचारतो, तांडेल म्हणजे काय? म्हटलं, गलबतावरच्या खलाशांचा म्होरक्या. "युवर फादर वॉज धिस?" बाबा शाळामास्तर. जन्मात गलबतावर चढले नाहीत, खाडी ओलांडायच्या तरीतही डोळे मिटून बसतात. तसं सांगितल्यावर तो म्हणाला, "सो. समवन गेव्ह यू अ जॉब, अँड द जॉब स्टेड."  आत्ता लिहितानाही तेच वाक्य डोक्यात आहे, त्याचाच राग जास्त.

त्याच्याकडे त्रीग आडनावाचे थोडेच. पुष्कळ शिपाई नोकरी सुटल्यावर परत अँडर्सन झाले. यांनी ठेवलं. ठेवलं की पसरतं, म्हणाला.

१२ नोव्हें., रवि.

युसूफने खाण सोडली. कंबर गेली. शारजाला रोल्ला म्हणतात त्या मोठ्या वडाजवळ आमच्याच खाडीकडच्या एकाचं कापडाचं दुकान आहे, तिथे बसेल. व्हिसा कंपनीचा, म्हणून पासपोर्ट कंपनीकडेच राहील. जाताना मूडिगचा बिल्ला माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाला, "शूरपण परत केलं बघ."

तो ज्या लाँचने गेला त्याच लाँचने खाडीपलीकडच्या गावचा दाऊद होडेकर आला. अब्दुल्ला होडेकराचा मुलगा, बाप नाही, घरी एकटी आई. पंचविशीचा, अंगाने रेडा, तोंड बंद म्हणून नाही. त्री. ने रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं आणि मूडिग दाऊदच्या गळ्यात घातला. अर्थ ऐकून दाऊद एवढा खूश की तिथल्या तिथे छाती काढून दाखवली.

पिवळं कार्ड भरायचं होतं. सरनेमच्या रकान्याकडे पाहिलं आणि कोरंच बिस्किटांच्या डब्यात ठेवलं. त्यात आता सात झालीत.

२४ नोव्हें., शुक्र.

नावांची साथ आल्यासारखं झालंय. बाजारातला वाणी "स्टार्कभाय" म्हणतो. चारही मोहम्मद इब्राहिम एकमेकांना बिल्ल्याच्या नावाने हाका मारतात. दाऊदने ट्रंकेवर नाव घालून मागितलं. "हसनभाय, तुजा अक्षर चांगला. मूडिग लिव."

"तुझं नाव लिहितो. दाऊद अब्दुल्ला होडेकर."

"ता सगल्यांना ठावक हाय. ह्या माजा कमावलेला."

कमावलेलं? येऊन दोन आठवडे झालेत! मी ब्रश परत दिला. दुसऱ्याकडून हिरव्या रंगात लिहून घेतलं, वेडंवाकडं.

८ डिसें., शुक्र. रोजे चालू.

दाऊदच्या आईला पत्र. त्याने सांगितलं: साहेबाने मला शूर असं नाव दिलंय, मूडिग, शेजाऱ्यांना सांग. मी लिहायला नकार दिला. त्याने माझ्या हातातला टाक धरून ठेवला, सोडेचना. शेवटी लिहिलं, रागाने लिहिलं. 

३ जाने. १९६८, बुध.

ईद झाली. दाऊदच्या आईचं उत्तर, त्यांच्या गावच्या मास्तरकडून लिहून घेतलेलं: वाडीत सगळे आता आमच्या घराला मूडिगचं घर म्हणतात. तुझ्या पत्राचं अक्षर बघितलं की मला वाचण्याआधीच कळतं तू खुशाल आहेस. मी वाचून दाखवलं. दाऊद म्हणाला, परत वाच. परत वाचलं.

त्री. ने विचारलं, दुबईला कार्डं पाठवतोस ना? "येस सर." डब्यात दहा.

१६ जाने., मंगळ.

दाऊद गेला.

सुरुंग नव्हता. परवा डोंगरात पाऊस झाला होता, वरची कड सुटली. खाली चौघे होते, तिघे पळाले. धूळ बसल्यावर सगळ्यांनी आपापले बिल्ले काढले आणि फळीवर एक राहिला. मूडिग. त्यामुळे लगेच कळलं. अर्ध्या तासात दगड उपसले, त्री. स्वतः पहार घेऊन. उपयोग झाला नाही.

असरच्या नमाजनंतर दफन. मातीला त्री. टोपी काढून उभा होता. मी त्याच्याकडे पाठ केली.

तो वायरलेसवर दुबईला म्हणाला, "मूडिग इज डेड. इन्फॉर्म फॅमिली." मला ऐकू आलं. शेजारीच उभा होतो. माझ्या डोक्यात फक्त एवढंच आलं की माणूस मेल्यावरही याला त्याचं खरं नाव घेता येत नाही.

२० जाने., शनि.

मूडिगचा बिल्ला नव्या माणसाच्या गळ्यात. पीरबक्ष, बलुची. चार दिवसही खिळा रिकामा ठेवला नाही. त्री. ला तोंडावर विचारलं, लाज वाटत नाही? म्हणाला, खिळा रिकामा ठेवला तर उद्या कोणी फळी वाचणार नाही. बरोबर असेल. मला त्याचं बरोबर असणंच सहन होत नाही.

२५ जाने., गुरु.

बाबांची तार. दुबईहून लाँचने आली. उतरवून ठेवतो.

"युसूफची माती कुठे केली. जैनब इद्दतीत बसली. सविस्तर लिही."

दहा वेळा वाचली. मग ड्रॉवर, मग डबा. डब्यात अकरा कोरी कार्डं. दुबईत मूडिगच्या नावाने एकच कार्ड, त्री. ने ऑक्टोबरात टाइप केलेलं. युसूफ परकार. घरी कळवायचं: पत्नी जैनब.

हे मी केलं. त्री. ने नाही, दुबईच्या कारकुनाने नाही. मी माझ्या हाताने माझ्या बहिणीला विधवा केलं, इद्दतीच्या चार महिन्यांच्या सुतकात बसवलं. आणि दाऊदच्या आईला कोणीच काही कळवलेलं नाही.

२६ जाने., शुक्र. शारजा.

ट्रकने रोल्लाला आलो. युसूफ दुकानात बसून लट्ठा मोजत होता. जिवंत. गज हातात. त्याला बाहेर वडाखाली नेलं आणि सांगितलं. आधी हसला. "मी मेलो? कंदी?" मग माझ्या चेहऱ्याकडे बघून थांबला. मग मला गजाने मारलं. एकदाच, खांद्यावर. मारायला हवंच होतं.

तार केली: युसूफ जिवंत. चूक झाली. हसन.

युसूफने विचारलं, "चूक कोणाची ता लिवलास?" नव्हतं लिहिलं. शब्द वाचवल्याचं सांगितलं. त्याने ते खरं मानलं नाही.

३१ जाने., बुध.

बाबांची दुसरी तार. जैनब मानत नाही. म्हणते हसन धीर द्यायला खोटं कळवतो. युसूफला पाठव.

पत्र पाठवावं म्हणून बसलो आणि टाक खाली ठेवला. युसूफचं प्रत्येक पत्र माझ्या अक्षरातलं. त्याचं असं एकही अक्षर तिच्याजवळ नाही. मी काय लिहिलं तर ती ओळखेल? आणि मी काय लिहिलं तर विश्वास ठेवेल?

२ फेब्रु., शुक्र.

युसूफला पाठवायचं तर पासपोर्ट पाहिजे. तो दुबई ऑफिसने मयताच्या कागदांत बांधून ठेवलाय. सुधारलेली कार्डं, त्यावर सुपरिंटेंडंटची सही, तरच सोडतील. म्हणजे त्री. कडे जाणं आलं.

डबा घेऊन गेलो. अकराही कार्डं त्याच्यासमोर ठेवली. त्याने एकेक उलटून पाहिलं. सगळी कोरी.

"व्हाय?"

सांगितलं. तुझ्या फौजेतलं नाव माझ्या माणसांच्या आडनावाच्या जागी लिहायचं नव्हतं म्हणून. आणि गप्प बसवेना, म्हणून पुढेही बोललो. तुमच्याकडे नावाबरोबर विधवाही मिळते. आमच्याकडे नाही मिळत. माझ्या बहिणीचा नवरा जिवंत आहे आणि ती पांढरं नेसून कोपऱ्यात बसलीय.

वाटलं ओरडेल. ओरडला नाही. कार्डांची चवड नीट केली आणि म्हणाला, आमच्या घरी एक गोष्ट सांगतात. पहिला त्रीग बुडाला, पणजोबा त्या झोपड्यात राहायला आला. त्या वर्षीच्या नाताळात एक म्हातारी बर्फातून चालत दारात आली. हातात विणलेले मोजे. त्रीग घरात आहे का विचारलं. पणजोबा दारात गेला, म्हणाला, मीच त्रीग. पहिल्याची आई होती ती. तिला कोणी कळवलंच नव्हतं.

"मग? काय केलं त्याने?"

"ही टुक द सॉक्स," म्हणाला. "ॲट होम वी ऑल्वेज लाफ, व्हेन वी टेल इट."

या वेळी हसला नाही. टाइपरायटर माझ्याकडे सरकवला. मी अकरा कार्डं टाइप केली, सरनेमच्या रकान्यासकट. फाइलीत आता मूडिगच्या खाली आधी युसूफ, मग दाऊद, मग पीरबक्ष. त्याने सह्या केल्या. ना त्याने माफी मागितली, ना मी. तो माणूस मला अजून आवडत नाही, आवडणारही नाही.

दाऊदच्या आईला ऑफिसने तार करायची का, विचारलं त्याने. मी म्हटलं, नको. ते मी लिहीन.

७ फेब्रु., बुध.

युसूफ स्टीमरवर चढला. दुबईहून निरोप आला. पोचायला आठवडा तरी. उंबऱ्यावर उभा राहिला तर जैनब आधी घाबरेल की काय कोण जाणे. तोवर ती तशीच बसलेली असणार, आणि मी इथे मस्टर भरतोय.

दाऊदच्या आईचं पत्र तीनदा सुरू केलं. पाकीट हातात घेतल्याबरोबर ती अक्षर ओळखणार आणि हसणार. मास्तर वाचायला बसेपर्यंत तेवढा वेळ तिचा मुलगा खुशाल असणार. दुसऱ्या कोणाकडून लिहून घ्यावं? की माझ्याच अक्षरात लिहून तेवढं हसू

फाडलं.

११ फेब्रु., रवि.

लाँच आली. तिच्यावरून आमच्या बाजूचा एक जण पार्सलं घेऊन उतरला. कड्याच्या वाटेवर, फळीसमोर, सगळे गोळा. मी नावं पुकारतो, माणूस पुढे येतो, पार्सल घेतो. पुकारताना मी आजवर एकदाही बिल्ल्याचं नाव घेतलेलं नाही. प्रत्येकाचं बापासकट, घराण्यासकट घेतो.

सहावं पार्सल फडक्यात शिवलेलं. वर दाऊदच्या आईची पत्रं लिहिणाऱ्या मास्तरच्या हातचं: मूडिग, दगडाची खाण, रास अल खैमा. बाकी काही नाही. एका बाजूची शिवण उसवली होती. आत आमसुलं, कुळथाचं पीठ, आणि क्रोशाची पांढरी टोपी.

सगळे बघत होते. त्री. फळीला टेकून उभा. पुकारायचं काम माझं, आणि वर लिहिलेलं माझ्याआधी तोंडानेच वाचून टाकलं. "मूडिग."

पीरबक्ष पुढे आला. घरून कोणी काही पाठवेल याची आशा नसलेला माणूस, तोंडभर हसत आला. दोन्ही हात पुढे केले.

मी पार्सल सोडलं नाही. त्याने धरलेलं, मी धरलेलं. त्री. कडे पाहिलं, त्याने मान फिरवली.

पीरबक्ष म्हणाला, "मेरा नहीं है क्या, बाबू? फिर किसका है?"

पार्सल आता माझ्या टेबलावर आहे. टोपी आत ढकलून शिवण पुन्हा घातली. कागद समोर घेतलाय. वर तारीख घातली, खाली "दाऊदच्या आईस" एवढं लिहिलं. माझ्याच अक्षरात.